मुलांच्या डोक्याला मार लागल्यावर 'कूलिंग कॅप': उपचार आहे की अजून चाचणीच? (पालक, प्रशिक्षक, डॉक्टर, सगळ्यांनी लिहा)

पलूसचे_पीटीसर

नमस्कार मंडळी. मी पलूस तालुक्यातल्या एका हायस्कूलला क्रीडाशिक्षक आहे, मुलींचा कबड्डीचा संघ माझ्याकडं आहे. परवा सरावात आमची नववीतली एक मुलगी चढाईला गेली. डाव्या कोपऱ्यावरच्या मुलीनं अँकल होल्ड टाकला, म्हणजे हिचा घोटा धरला, आणि पडताना हिचं कानशील मधल्या मुलीच्या गुडघ्यावर आदळलं. बेशुद्ध पडली नाही. उठली, पण बाद होऊन बाहेर यायचं सोडून परत समोरच्याच कोर्टात जाऊन उभी राहिली. मी विचारलं, "बाळा, आत्ता चढाई कुणाची?" नुसती बघत राहिली. तिथंच सराव थांबवला, वडिलांना बोलावलं आणि सांगलीला नेलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टरांनी कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला हादरा बसलाय म्हणून सांगितलं, दोन दिवस आराम आणि मग हळूहळू सगळं सुरू करायचं.

आता तिच्या चुलत्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितलाय. परदेशात खेळाडूंच्या डोक्याला आणि मानेला गार पाणी फिरणारी टोपी अर्धा तास बांधतात, मुलं लवकर बरी होतात, असं त्यात आहे. घरच्यांनी तेव्हापासून पोरीच्या उशाला बर्फाची पिशवी ठेवलीय, रात्रीसुद्धा. ते मला विचारतात, "सर, ही टोपी मुंबई-पुण्याला मिळंल का? खर्चाचं बघून घेऊ." माझ्याकडं उत्तर नाही. ही टोपी खरंच उपचार आहे का? आणि उद्या कुणी आपल्याकडं मुलांवर तिची चाचणी घ्यायची म्हटलं, तर पालकांनी काय बघून हो किंवा नाही म्हणायचं? नीट माहिती असणाऱ्यांनीच लिहा, ही विनंती.

मिरजेची_सिस्टर

सर, आधी रात्रीच्या बर्फाचं. तो आजच बंद करायला सांगा. टेंगूळ आलं असेल तर पहिल्या दिवशी कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बर्फाचा शेक पुरे. झोपलेल्या मुलीच्या कातडीला तासन् तास बर्फ लागला तर कातडी भाजल्यासारखी होते आणि झोपेत तिला ते कळत नाही. शिवाय तिला गाढ झोप लागणं हाच आत्ता मोठा उपचार आहे, बर्फानं दर तासाला जाग येत असेल तर काय उपयोग?

घरच्यांना हे मात्र पाठ असू द्या: डोकेदुखी वाढत चालली, परत परत उलटी झाली, झटका आला, डोळ्याची एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसली, हात-पाय लुळा पडला, बोलणं बरळल्यासारखं झालं, नाका-कानातून पाण्यासारखं काही आलं किंवा हाक मारून उठेना, तर १०८ ला फोन करून लगेच मोठ्या दवाखान्यात. सीटी नॉर्मल आला होता म्हणून थांबायचं नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन देऊ नका.

आणि सर, तिला चढाईचा प्रश्न विचारला ते फार बरं केलंत. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांनी "नाव काय, गाव काय" एवढंच विचारून पोराला परत मैदानात सोडलेलं असतं. नाव-गाव कन्कशनमध्येही आठवतं. आत्ता कुठलं मैदान, पहिला हाफ की दुसरा, शेवटचा गुण कुणी घेतला, मागची मॅच कुणाशी झाली, हे विचारायचं.

डॉ_अजिंक्यतारा

साताऱ्यात बालरोगतज्ज्ञ आहे. सरांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

थंडाव्याची कल्पना हवेतली नाही. डोक्याला हादरा बसला की मेंदूच्या पेशींमधले क्षार इकडचे तिकडे होतात. ते जागेवर आणायला पेशींना एकदम जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा थोडा कमी पडतो. मागणी जास्त, पुरवठा कमी, असे काही दिवस जातात. डोकेदुखी, उजेड सहन न होणं, वाचताना थकवा, विसरभोळेपणा हे सगळं त्यातून येतं. सीटीत हे दिसत नाही, कारण सीटी रक्तस्राव आणि फ्रॅक्चर बघतो. मेंदूचं तापमान एक अंशानं उतरलं तर त्याची ऊर्जेची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटते. शिवाय खेळाडूचं अंग मार लागतानाच तापलेलं असतं, आणि तापलेला मेंदू इजा वाईट सोसतो. तेव्हा लगेच गार केलं तर फायदा व्हावा, असा विचार त्यामागे आहे.

आता हाती काय आहे ते. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन इथल्या मुलांच्या रुग्णालयात किशोरवयीन खेळाडूंवर छोटी प्राथमिक चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, दोघांनाही नेहमीचे उपचार दिले आणि एका गटाला त्याशिवाय डोकं-मान गार करणारं उपकरण अर्धा तास लावलं, पहिल्या भेटीत आणि नंतर पुन्हा काही दिवसांनी. गार केलेल्या गटात लक्षणांचे गुण जास्त उतरले, गंभीर त्रास दिसला नाही. स्वीडनमध्ये आइस हॉकीच्या वरच्या पातळीवरच्या संघांनी काही हंगाम मैदानाच्या कडेलाच अशी टोपी वापरून पाहिली. १३२ खेळाडूंच्या त्या नोंदीत टोपी घातलेले मध्यकानं (निम्मे त्याआधी, निम्मे त्यानंतर) ९ दिवसांत परतले आणि न घातलेले १३ दिवसांत. पण तिथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, कुठल्या संघाकडे उपकरण आहे त्यावर गट ठरले. आणि ते मोठे, व्यावसायिक खेळाडू होते.

म्हणजे आशा आहे, आणि मुलांवर याची नीट मोठी चाचणी व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण कन्कशनला आजही गोळी नाही. पण सरांच्या विद्यार्थिनीला आज ही टोपी लावा, असं मी लिहून देणार नाही.

तालीमवाला_कुंडल

डॉक्टरसाहेब, राम राम. आमच्याकडं मैदानात पैलवान डोक्यावर पडला की वस्ताद पहिली कळशी डोक्यावर ओततात. पिढ्यान् पिढ्या चाललंय. मग आमची ती कळशी म्हणजे हीच थेरपी म्हणायची का? गड्याला तरतरी येते, मी डोळ्यांनी बघितलंय. अन् दुसरं, आमच्या पोरांना 'डॉक्टर नको, बसायला नको' असं असतंय. इनामाची कुस्ती सुटंल म्हणून लई लपवतात.

डॉ_अजिंक्यतारा

पैलवान, राम राम. गार पाण्यानं कातडीला झटका बसतो, माणूस दचकून सावध होतो, तुम्ही पाहता ती तरतरी ती. मेंदू मात्र तेवढ्यानं गार होत नाही. आत दर मिनिटाला शरीराच्या तापमानाचं भरपूर रक्त फिरत असतं, ते वरचा गारवा धुऊन नेतं. म्हणूनच ही उपकरणं मानेलाही गार करतात, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथून जातात. आणि एवढं करूनही आतपर्यंत किती थंडावा पोचतो, यावर तज्ज्ञांत वाद आहे. उन्हात तापलेल्या गड्याला सावलीत नेऊन पाणी मारणं चांगलंच. पण मान दुखत असेल, मुंग्या येत असतील तर हलवू नका. आणि पाण्यानं सावध झाला म्हणून परत आखाड्यात उतरवू नका.

तुम्ही 'लपवतात' म्हणालात, तीच माझी या उपचाराबद्दलची खरी काळजी आहे. गारव्यानं डोकं दुखायचं कमी होतं, अर्धशिशीवालेही कपाळावर गार पट्टी ठेवतात. आता असं बघा की मूल खेळायला परत कधी जाणार हे आपण बरंचसं 'दुखतं का, गरगरतं का' यावर ठरवतो. टोपीनं दुखणं दबलं पण आतली पेशींची ओढाताण चालूच असेल तर? मूल खरेपणानं 'मी बरा आहे' म्हणेल, आपण सोडू, आणि त्या कच्च्या मेंदूला दुसरा मार बसेल. किशोरवयात असा लागोपाठचा मार क्वचित का होईना, जिवावर बेततो. त्यामुळे चाचणी घेणाऱ्यांनी नुसते लक्षणांचे गुण मोजून चालणार नाही. तोल, डोळ्यांची हालचाल, लक्ष, स्मरण, व्यायामात नाडी कुठपर्यंत नेली तर त्रास होतो, हे सगळं मोजायला हवं, आणि काही महिन्यांनी पुन्हा.

कराडची_फार्मॅकॉलॉजी

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते, चाचण्यांचे आराखडे तपासणं हे माझं रोजचं काम आहे.

टोपीच्या चाचणीत सगळ्यात अवघड गोष्ट ही की मुलाला कळतंच आपल्याला गार केलं की नाही. गोळीच्या चाचणीत दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते, गारवा कसा लपवणार? 'माझ्यावर काहीतरी नवीन करतायत' या भावनेनंही लक्षणांचे गुण उतरतात, आणि ते गुण मूल स्वतःच सांगतं. एक उपाय म्हणजे दुसऱ्या गटालाही तीच टोपी, पण जेमतेम गार पाण्याची. आणि तपासणाऱ्याला कुणाला काय दिलंय ते माहीत नको. पालकांनी हा प्रश्न बिनधास्त विचारावा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गारवा निरुपद्रवी, त्यात काय बिघडणार, असं सगळ्यांना वाटतं. गंभीर मेंदूइजेच्या मुलांवर संपूर्ण शरीर थंड करण्याची चाचणी कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकारानं झाली, २००८ साली प्रसिद्ध झाली. २२५ मुलं, शरीर ३२.५ अंशांवर २४ तास. गार केलेल्या गटात १०८ पैकी २३ मुलं दगावली, दुसऱ्या गटात ११७ पैकी १४. त्यानंतर अमेरिकेच्या पुढाकारानं झालेली तशीच दुसरी चाचणी फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून मधेच थांबवली. आणि आपल्या घराजवळचं उदाहरण: जन्मताना गुदमरलेल्या बाळांना ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत जीव वाचवतो, हे सिद्ध आहे. तोच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ७ रुग्णालयांत ४०८ बाळांवर तपासला, तेव्हा थंड केलेल्यांतली ४२ टक्के बाळं गेली आणि न केलेल्यांतली ३१ टक्के. २०२१ ची ही हेलिक्स चाचणी. तिकडं चाललं म्हणून इकडं चालेलच असं धरता येत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

कन्कशनची टोपी याहून फार सौम्य आहे, अर्धा तासच, आणि शरीराचं तापमान ती फारसं हलवत नाही. घाबरवायला लिहीत नाहीये. पण 'बर्फच तर आहे' म्हणून कुणी चाचणीशिवाय विकायला लागलं तर पाया पडून सांगते, घेऊ नका.

सातारकर_आई

माझ्या मुलाला मागच्या हिवाळ्यात नेटमध्ये चेंडू हेल्मेटवर बसला. मला टोपीपेक्षा शाळेचं सांगायचंय. त्याला फळ्याकडं बघितलं की मळमळायचं, दुसऱ्या तासापर्यंत चेहरा पांढरा पडायचा. वर्गात हे कुणी मानायलाच तयार नव्हतं, कारण टाका नाही, प्लास्टर नाही. एका शिक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सहामाही आली की डोकं दुखतं का रे तुझं?" त्या वाक्यानं तो मारापेक्षा जास्त खचला. शाळेचं नाव घेत नाही.

क्रिकेटमध्ये मोठ्यांसाठी नियम झाला. १ ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेता येतो, आणि लगेच लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथऐवजी लाबुशेन उतरला. मग आमच्या मुलांच्या गल्ली-तालुका स्पर्धेत का नाही? डॉक्टर, टोपी येईल तेव्हा येईल. आज घरी बसलेल्या मुलासाठी सिद्ध झालेलं काही आहे का?

डॉ_अजिंक्यतारा

ताई, आहे. आणि त्याला पैसे पडत नाहीत. खेळातल्या कन्कशनवरच्या २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेत जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेलं असं: पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष आराम. म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडणं नव्हे. घरात फिरणं, गप्पा चालतात, मोबाईल-टीव्ही या काळात कमीत कमी. त्यानंतर चालणं, मग जरा जोरात चालणं किंवा स्थिर सायकल, डोकेदुखी थोडीशीच आणि थोडाच वेळ वाढली तर चालेल, जास्त वाढली तर थांबायचं. १३ ते १८ वयाच्या १०३ खेळाडूंवरच्या अमेरिकी चाचणीत असा बेताचा व्यायाम करणारे १३ दिवसांत बरे झाले आणि नुसते ताणाचे व्यायाम करणारे १७ दिवसांत. २०१९ ची आहे ती. म्हणजे टोपीकडून आज जी आशा आहे, साधारण तेवढा फायदा चालण्यातून मिळालेला आहे.

शाळा आधी, खेळ नंतर. आधी अर्धा दिवस, मधे विश्रांती, परीक्षेत जादा वेळ. शाळा पूर्ण जमली की मगच खेळाच्या पायऱ्या: एकट्यानं पळणं, संघाबरोबर बिनधक्क्याचा सराव, डॉक्टरांची लेखी परवानगी, मग पकडी. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. बहुतेक मुलं चार आठवड्यांच्या आत बरी होतात. चिठ्ठीत मी हल्ली शाळेसाठी वेगळा मजकूर लिहून देतो, तुमच्या डॉक्टरांकडे मागा, देतील.

पलूसचे_पीटीसर

सगळ्यांचे आभार. बर्फ बंद केला. मुलगी आज मळ्यात आजीबरोबर चालून आली, डोकं जरा जड आहे म्हणाली, उलटी नाही.

हा धागा मी तिला आणि तिच्या वडिलांना वाचून दाखवला. चाचणीचं वाचल्यावर तिनं विचारलं, "सर, चिठ्ठीत ज्यांना टोपी येत नाही त्यांच्यावर अन्याय नाही का?" मला नीट सांगता आलं नाही. कराडच्या मॅडम, तुम्ही सांगाल का? आणि पालकांनी बघायचं काय, तेही राहिलंय.

कराडची_फार्मॅकॉलॉजी

तिला सांगा, प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि चाचणीला मंजुरी देणारी नैतिक समितीही आधी हाच विचारते. टोपी चांगली आहे हे आपल्याला आज माहीत असतं तर चिठ्ठी टाकणं अन्यायच झाला असता. माहीत नाही, म्हणूनच टाकायची. दोन्ही गटांना डॉक्टरांनी वर लिहिलेली पूर्ण काळजी मिळालीच पाहिजे. टोपी न मिळालेल्या मुलीचं काही काढून घेतलेलं नसतं. आणि हेलिक्समध्ये चिठ्ठीत 'न मिळालेली' बाळंच जास्त वाचली, हेही तिला सांगा.

पालकांसाठी: चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, तो शासकीय वेबसाइटवर कुणालाही बघता येतो. नैतिक समितीची मंजुरी आणि तिचा संपर्क संमतीपत्रावर हवा. संमतीपत्र मराठीत हवं, घरी नेऊन वाचायला वेळ हवा. पालकांच्या सहीबरोबर मुलाचीही संमती लागते, आणि नववीतल्या मुलीची तर लेखी. ती 'नको' म्हणाली तर तिला आग्रह करायचा नाही. मधेच कधीही बाहेर पडता येतं, त्यानं नेहमीच्या उपचारात फरक पडत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च चाचणी घेणाऱ्यांनी करायचा, हे नियमांत आहे. आणि टोपीसाठी तुमच्याकडं पैसे मागितले तर ती चाचणी नव्हे, विक्री आहे.

तालीमवाला_कुंडल

मॅडम, एक शंका. इथं एप्रिलात चाळीस डिग्रीत पोरं खेळतात. स्वीडनची पोरं बर्फावर. आमच्या पोराचं अंग मार लागायच्या आधीच भट्टीसारखं असतंय. मग गारव्याचा उपयोग आमच्याकडं जास्त व्हायला पायजे का कमी? अन् गावातनं सांगलीला पोचेस्तोवर तास जातोय, तोवर टोपी लावून काय उपयोग?

डॉ_अजिंक्यतारा

पैलवान, हा प्रश्न इथेच विचारला जाऊ शकतो, स्टॉकहोममध्ये नाही. जास्त होईल असं मानायला जागा आहे, पण मानणं वेगळं. स्वीडनमध्ये टोपी मैदानावरच, काही मिनिटांत लावली, ॲक्रनमध्ये दवाखान्यात, काही दिवसांनी. ही दोन वेगळी औषधं समजा. आपल्याकडे चाचणी व्हायची असेल तर उन्हाळी सामन्यांत, मैदानाच्या कडेला, सावलीत नेऊन गार पाण्यानं पुसणं एका गटाला आणि त्याशिवाय टोपी दुसऱ्या गटाला, अशी व्हावी. तसं झालं तर माझी सही पहिली. साधनाशिवाय होणारी अर्धी गोष्ट तर उद्यापासून करता येईल: मार लागलेल्या मुलाला उन्हातून हलवणं.

पलूसचे_पीटीसर

तालुका क्रीडाशिक्षकांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. डोक्याला मार लागलेली मुलगी किंवा मुलगा त्या दिवशी परत उतरणार नाही, राखीव खेळाडू घेता येईल, आणि परतताना डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, एवढा ठराव मी मांडणार आहे. दोन संघांचे प्रशिक्षक विरोध करणार, हे मला आत्ताच दिसतंय, कारण स्टार खेळाडू बाहेर बसणार. सिस्टर, तुमचे मैदानावरचे प्रश्न आणि धोक्याची लक्षणं एका पानावर मोठ्या अक्षरात टाइप करून द्याल का? पंचांच्या टेबलावर चिकटवतो.

मिरजेची_सिस्टर

देते सर. रात्रपाळी संपली की सकाळी टाकते इथंच. कबड्डीसाठी आणि कुस्तीसाठी प्रश्न वेगळे करते. पैलवान, कुस्तीत काय विचारायचं ते तुम्ही सांगा, मला डाव कळत नाहीत.

तालीमवाला_कुंडल

लिहून घ्या ताई. कुस्ती कुणाशी लागलीय, आत्ता डाव कुणी टाकला, पंच कोण हायत, अन् सकाळी वजनाला कितवा नंबर होता. एवढं सांगता आलं नाही तर गड्याला खाली बसवायचं. वस्तादांना मी समजावतो.